अर्ध्या घरट्यांचा माड

सकाळी मोटर लावली की आमची टाकी भरायला पस्तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात अंगण झाडून होतं किंवा वहिनींशी बोलून होतं. दोन्ही एकाच दिवशी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

आमची वाडी चोंढी नाक्यावरून किहीमकडे जाताना लागते. आजूबाजूला मुंबईकरांचे बंगले उठले, त्यांना पुरुषभर उंचीच्या चिऱ्याच्या भिंती आल्या. भिंतीवरून गप्पा होत नाहीत. आमच्या आणि वहिनींच्या वाडीमध्ये मात्र अजून वई आहे, निर्गुडी-एरंडाची, मधे मधे काठ्या रोवलेली. तिला बरोबर तोंडाच्या उंचीवर एक खिंडार आहे. ते कुणी पाडलं ते दोघींनाही ठाऊक नाही, आणि ते बुजवायचं आम्ही गेली अकरा वर्षं ठरवतो आहोत.

परवा खिंडारातून आधी वहिनींचा हात आला, हातात टाकळ्याच्या भाजीची वाटी. मागोमाग चेहरा.

"ताई, कळलं का?"

"काय?"

"गुरुजींचा नातू! चोंढीला त्या वाइंडिंगवाल्याकडे बसतो. मी डोळ्यांनी पाहिलं. मांडीत तांब्याच्या तारेचा हा एवढा गुंता. लोकर विणायला बसल्यासारखा."

मला हे महिनाभर आधीच ठाऊक होतं. पण बातमी आणणाऱ्याचा आनंद घालवू नये, हा शेजाराचा पहिला नियम. मी "अगबाई!" म्हटलं आणि झाडू माडाला टेकवून ठेवला.

गुरुजी म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले. तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि निम्म्या गावाला नापास केलं, अशी त्यांची ख्याती. नातू मात्र डॉक्टर व्हायचा होता. म्हणजे घरानं तसं ठरवलं होतं, आणि पेढ्यांची ऑर्डर कुणाला द्यायची तेही. बारावी झाली, नीट झाली. ७२० पैकी २११. मग गॅप घेतली, पनवेलला खोली घेतली, क्लासचे दोन हप्ते भरले. दुसऱ्या वर्षी १९८.

"तेरा कमी," वहिनी म्हणाल्या. "वर्षभर शिकून तेरा कमी. आमची म्हैससुद्धा वर्षभर पेंड खाऊन दूध कमी देत नाही."

वहिनींच्या उपमा अशाच असतात.

"मग आता आयटीआय करणार का म्हणे?"

"करेल की. अलिबागला आहे सरकारी."

"अहो पण कुठे डॉक्टर आणि कुठे जळकी मोटर!"

एवढ्यात डोक्यावर कालवा सुरू झाला. वईच्या कडेला, विहिरीवर वाकलेला आमचा एक माड आहे. पाऊस धरला की त्याच्या झावळ्यांना सुगरणी लागतात. यंदा मी मोजली, पुरी-अर्धी मिळून एकोणीस घरटी. पिवळ्या डोक्याचे नर उलटे लटकून पंख फडफडवतात आणि इतके ओरडतात, की दुपारची झोप मिळत नाही.

"बघा, ही बाई किती राबते," वहिनी वर बघून म्हणाल्या.

"बाई नाही वहिनी, बाप्या आहे तो. घरटं नर विणतो."

"सुगरण?"

"नाव बाईचं, काम बाप्याचं."

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. असं क्वचित होतं. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हे सांगू नका. ह्यांनी चाळीस वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकला नाही, वर म्हणतील बघ, पुरुषच घर बांधतो."

आता, मी आयुष्यभर वाचनालयात नोकरी केली. असा माणूस एकदा सुरू झाला की टाकी भरेपर्यंत थांबत नाही. आणि विषय सुगरणीचा निघाला, तोही किहीमच्या वेशीवर, तर सलीम अलींचं नाव आल्यावाचून कसं राहील? वहिनींना पक्ष्यांवर लिहिणारे कुणी मोठे होते इतपत माहीत होतं. "ते दाढीवाले ना, बारीकसे?" तेच.

"ते किहीमला कधी आणि का आले माहीत आहे?" मी विचारलं. "नोकरी गेली म्हणून आले."

वहिनींनी कोपर काठीवर टेकवलं. नोकरी गेली, लग्न मोडलं, जमीन विकली, या तिन्हींपैकी एक असलं की त्या अशा टेकतात.

मी सांगितलं ते असं. भावंडांतलं शेंडेफळ, जन्म १८९६चा, मुंबईचा. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. खेतवाडीत मामा-मामींनी वाढवलं. दहाएक वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कसली चिमणी म्हणून मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड नावाच्या गोऱ्या साहेबानं पोराला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले.

"म्हणजे लहानपणीच ठरलं," वहिनी म्हणाल्या. "मग नापास कशात झाले?"

इथेच गंमत आहे. चिमणीची गोष्ट सगळे सांगतात. मधली पंचवीस वर्षं कुणी सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी नाहीत. शाळेत डोकेदुखी जडली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे धाडलं, १९१३ साली मॅट्रिक कसंबसं पार पडलं. कॉलेजचं पहिलं वर्ष जड गेलं, गणिताशी तर कधी जमलंच नाही. कॉलेज सोडलं आणि थेट ब्रह्मदेशात, तव्हॉयला, घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकडाचा धंदा बघायला. धंदा बघायचा सोडून हे जंगलात पक्षी बघायचे.

"धंदा बसला असणार."

"बसला. पण ते पुढे; त्याआधी परत मुंबई. दावरांच्या कॉमर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकले. ते सोबत चालू ठेवून सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. ब्लॅटर नावाच्या पाद्रीबुवांनी आग्रह केला म्हणून."

"पाद्रीबुवा बरे निघाले."

"निघाले, पण पदवी काही पुरी हातात आली नाही. पुढे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. पक्षी ह्यांच्याइतके कुणाला येत होते? पण पदवी नव्हती. नाही मिळाली."

वहिनींच्या तोंडून "च्च" निघालं. हा "च्च" गुरुजींच्या नातवासाठी अजून निघाला नव्हता, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

१९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड-लेक्चरर म्हणून लागले, पगार महिना ३५० रुपये. पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे उभं राहून शाळेच्या मुलांना माहिती सांगायची. दोन वर्षांत कंटाळा आला. रजा काढून जर्मनीला गेले, बर्लिनला, स्ट्रेझमान नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली रीतसर शिकले. आपल्याकडे पदवी बघत होते, तिथे माणूस बघितला. १९३०मध्ये परत येतात तर म्युझियमकडे पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. चौतिशीचा माणूस, परदेशातून शिकून आलेला, बायको घरी, नोकरी नाही.

"आणि मग किहीम?"

"मग किहीम. नवरा-बायको इथे येऊन राहिले. मुंबईपेक्षा स्वस्त. पावसाळा, करायला काही नाही. आणि समोर झाडावर ह्या," मी वर बोट केलं.

माणसांनी सुगरणीची घरटी शेकडो वर्षं पाहिली होती. कौतुक करून झालं होतं, गाणी करून झाली होती. पण रोज उठून, एकेक घरटं धरून, कोण कधी आलं, कोण गेलं हे कुणी इतकं बघितलं नव्हतं. बघायला वेळ कुणाला होता? सलीम अलींना होता, बेकार होते ना. तेव्हा त्यांना कळलं ते असं, की नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो. शिरस्त्राणासारखं दिसतं ते. तेवढ्यालाच आठेक दिवस लागतात. मग तो लटकून माद्यांना हाका मारतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीनं ओढून बघतात. एखादीला पसंत पडलं तर ती आत राहायला येते, मग हा खालची नळी विणून घरटं पुरं करतो. ती अंड्यांवर बसते आणि हा—

"हा?"

"हा शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो. दुसरीसाठी."

"मेला!" वहिनी म्हणाल्या. "आणि ह्याचं संशोधन?"

ह्याचंच. एकामागून एक संसार मांडायची ही रीत नीट उकलून दाखवली ती किहीमच्या त्या पावसाळ्यात. त्यावरच्या लेखानं पक्षी अभ्यासणाऱ्या जगात त्यांचं नाव झालं. पुढे हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांना त्यांनी स्वतः होऊन कळवलं की तुमच्याकडचे पक्षी मोजून देतो, पगार नको, मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. १९४१ला भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, नंतर डिलन रिप्लींबरोबरचे दहा खंड. आमच्या वाचनालयात ते दहा खंड नव्हते. मागणी करून करून मी निवृत्त झाले.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, खरंच हो ताई, नापास झाल्यानं कधी कधी बरं होतं. वहिनी तसं म्हणाल्या नाहीत.

"ताई, त्यांची बायको काय करत होती?"

"तेहमिना? त्यांच्याबरोबर हिंडायच्या. तंबूत राहायच्या. मुंबईचा आराम सोडून."

"कटकट करायच्या?"

"तसं कुठे वाचलं नाही."

"आणि राहायला छप्पर होतं. घरचे खाणीवाले. दोन वेळचं होतं." वहिनींनी काठीवरचा किडा बोटानं उडवला. "मग हे नापास होण्याचं कौतुक मला नका सांगू. ज्याच्या घरी भात आहे त्याला हरणं परवडतं. इथे पोर हरलं की दुसऱ्या दिवशी मांडव्याला रो-रोवर गाड्या धुवायला लागतं. त्याला कुठली सुगरण बघायला मिळणार?"

वाचनालयात चौतीस वर्षं काढून मला हे सुचलं नव्हतं. आपण अशा गोष्टी सांगतो तेव्हा नापास होण्याला श्रेय देतो. खरं श्रेय त्या पावसाळ्याचं, ज्यात कुणी "आता पुढे काय?" विचारलं नाही. आमच्या भागात तर हे विचारणं निकालाच्या सकाळी दहाला सुरू होतं आणि पोराचं लग्न होईपर्यंत थांबत नाही.

वहिनींचे यजमान टीव्हीवर मॅच लागली की सचिनची गोष्ट सांगतात. १९८७ साली मद्रासला एमआरएफच्या शिबिरात तो वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता आणि डेनिस लिलीनं बॅटिंगकडे लक्ष दे म्हणून सांगितलं. गोष्ट खरी आहे. पण बॅट त्याच्या हातात तेव्हाही होतीच, आणि घरी कवी वडील होते. वहिनींच्या मते ती गोष्ट सांगून यजमानांना मध्येच चहा मागायचा असतो.

उलटंही बघा. आर. के. लक्ष्मणांना जे. जे. स्कूलनं प्रवेश नाकारला होता. त्यांनी म्हैसूरला बी. ए. केलं आणि चित्रं काढायची काही सोडली नाहीत. त्यांना नकारानं नवं काही सापडलं नाही, होतं तेच टिकलं. म्हणून नापास होणं म्हणजे काही जादूचं दार आहे, हे मला पटत नाही. मी स्वतः बारावी सायन्सला फिजिक्समध्ये दोनदा गेले. बाबा सहा महिने माझ्याशी थेट बोलत नव्हते. आईला सांगायचे, तिला म्हणावं जेवून घे. मी वाचनालयात जायला लागले ते पुस्तकांच्या प्रेमानं नव्हे. दुपारी तिथे कुणी मार्क विचारत नसे म्हणून. ग्रंथपालबाईंनी एक दिवस खळीचं भांडं पुढे केलं आणि फाटक्या कादंबऱ्यांचे पुठ्ठे चिकटवायला सांगितले. प्रेम बरंच नंतर बसलं, चिकटवता चिकटवता आतलं वाचलं तेव्हा.

"पण मग गुरुजींच्या नातवाला पावसाळा कुणी दिला?" मी वहिनींना विचारलं.

आता वहिनींची पाळी होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, म्हणजे खास माल निघणार होता.

"निकालाच्या दिवशी मी तिथेच होते. विरजण मागायला गेले होते."

दर निकालाच्या दिवशी वहिनींचं विरजण संपतं.

"पोराची आई रडत होती, बाप मोबाइल आपटून बाहेर गेला. गुरुजी झोपाळ्यावर. मला वाटलं आता पोराची धडगत नाही. तर गुरुजी उठले, न्हाणीमागे गेले, जळलेली मोटर पडली होती ती ओढत आणली आणि म्हणाले, ही चोंढीला टाकून ये. बस. दुसरा शब्द नाही."

"गुरुजी? शब्द नाही?"

"थोरल्याच्या वेळी तुम्ही इथे नव्हता. तेव्हा मी नवी सून होते. थोरला दहावीला गणितात गेला. गुरुजींचा मुलगा, गणितात! लाकडी पट्टी मोडली हो त्याच्या पाठीवर. ओरडणं इथे विहिरीपर्यंत ऐकू आलं. तो थोरला आज वापीला आहे, चांगलं चाललंय म्हणतात. पण गणपतीला येत नाही. एकदाही नाही."

वर एक नर झावळीची लांब पट्टी चोचीत धरून आला. मी सांगितलं की एका घरट्याला पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. वहिनी म्हणाल्या, मोजणाऱ्याला धंदा नव्हता.

पुढची गोष्ट मला गुरुजींकडून कळली होती, ती मी वहिनींना त्या बदल्यात दिली. पोरगा मोटर टाकायला गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी परत. वाइंडिंगवाला जळकी वेटोळी छिन्नीनं कापून काढत होता, पोरगा ते बघत बसला. कापलेलं तांबं तोलायचं, कुठल्या गेजची तार ते मापायचं, प्रत्येक खाचेत किती वेढे होते ते कागदावर टिपायचं, खाचांत कागद सारायचा, मग नवी तार. रनिंगची वेगळी, स्टार्टिंगची वेगळी. एक वेटोळं इकडचं तिकडे झालं तर मोटर गुणगुणते, तापते, पुन्हा जळते. शेवटी वॉर्निश पाजून सुकवायची. आठव्या दिवशी घरी येऊन त्यानं आजोबांना विचारलं, "आबा, २४ खाचा आहेत आणि ४ पोल, तर एका पोलाला किती?"

"सहा," वहिनी म्हणाल्या. त्याही गुरुजींच्याच विद्यार्थिनी, नाइलाजानं.

"गुरुजी मला सांगत होते, की अख्ख्या आयुष्यात ह्या पोरानं मला आपणहून विचारलेलं हे पहिलं गणित. आणि नीटच्या फिजिक्सला त्यानं हाच धडा सोडून दिला होता, चुंबक आणि विजेचा. समजत नाही म्हणून."

वहिनी बराच वेळ माडाकडे बघत राहिल्या. तिथे टोकाच्या झावळीला तीन घरटी अर्धीच लटकत होती, कडा वाळून तपकिरी झालेल्या. नर तिकडे फिरकत नव्हते.

"ती कुणी टाकली?"

"माद्यांनी नापसंत केलेली."

"विणकाम वाईट?"

"तसंही नाही. अभ्यास करणारे म्हणतात की मादी विणीपेक्षा जागा जास्त बघते. झाड कुठलं, फांदी किती उंच, साप चढेल का."

"म्हणजे पोरानं वीण नव्हती चुकवली," वहिनी म्हणाल्या. "फांदी चुकवली होती. आणि ती फांदी त्यानं कुठे निवडली होती?"

मी काही बोलले नाही. वहिनींची धाकटी नात यंदा नववीत आहे आणि तिच्या दप्तराला आत्तापासून स्टेथोस्कोपची किचेन लावलेली आहे, लाल रंगाची. लावली कुणी ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे.

"पण ताई," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्या त्याला वाइंडिंगचाही कंटाळा आला तर?"

"तर आला. सलीम अलींना म्युझियमचा आलाच होता."

"गुरुजी तेव्हाही गप्प बसतील?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वहिनींनीच मग ठरवलं, की ह्या विषयावर आपण दोघींनीही आता वाडीत काही बोलायचं नाही. पोराला शांतपणे शिकू द्यायचं. कुणी विचारलं तरी आपल्याला काही माहीत नाही म्हणायचं. मी कबूल झाले. लगेच त्या म्हणाल्या, बाजूच्या काकूंना तेवढं सांगून येते, त्यांना उगाच दुसऱ्याकडून चुकीचं कळायला नको.

वाटी परत देताना वहिनींचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागे गेलं.

"ताई, तुमची टाकी!"

मागे वळून बघते तर टाकीवरून पाण्याचा पडदा, केळीची आळी भरून पाणी तुळशीपर्यंत आलेलं. धावत जाऊन बटण बंद केलं. किती वेळ वाहत होतं कोण जाणे. आमची जुनी मोटर अशी घरघरायची की टाकी भरेपर्यंत तिचा विसर पडत नसे. मे महिन्यात ती जळली. गुरुजींच्या नातवानं भरून दिली, बाराशे रुपये घेतले. तेव्हापासून ती चालू आहे हेच कळत नाही.